बरण्यांचा पगार

रुमेनाला शुक्रवारपर्यंत एकच घर हवं होतं. युरोपभर चालणाऱ्या रोजगार पाहणीच्या यादीतल्या एकोणचाळीस घरांची माहिती भरून झाली होती. चाळिसावं भरलं तरच कचेरी तिच्याशी पुढचा करार करणार होती. आणि चाळिसाव्या घरात ल्यूबेनकाका राहत. बंद पडलेल्या कारखान्याचे इंजिनियर, एकोणीस वर्षं बेकार, आणि या पदाचा त्यांना रास्त अभिमान होता.

काकांनी तिला थेट बाल्कनीत नेलं. सप्टेंबरात विदीन शहरातल्या साऱ्या बाल्कन्यांना येतो तसा भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांचा वास तिथंही होता. मिरच्या भाजायची एक विजेची भट्टी जमिनीवर पोट उघडं टाकून पडली होती.

"शिक्षण?"

"उच्च. ठळक लिही. तेवढ्या रकान्यात तरी आपण जर्मनांच्या वर, त्यांची जिरू दे."

"गेल्या आठवड्यात मोबदला घेऊन एक तास तरी काम केलंत? पैसे नाही, वस्तू मिळाली तरी धरतात."

"छे!"

रुमेनानं फळीकडे पाहिलं. मिरच्यांच्या चटणीच्या एकतीस बरण्या. झाकणांवर चिठ्ठ्या: स्तांका, तिसरा मजला. दोब्रिन्का, तळमजला.

"आणि या?"

"शेजारधर्म! बायकांच्या भट्टीची तार जळते, मी बदलतो. त्या बरणी ठेवून जातात. नको म्हटलं तर रुसतात."

"एका तारेला वेळ किती?"

"दीड तास," काका ऐटीत म्हणाले. "हल्लीच्या पोरांना तीन लागतील." आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे तुम्ही रोजगारात, काका."

"खोड ते! एकोणीस वर्षं सरकारला शिव्या घातल्या, त्या काय नोकरीवर असताना? उद्या ब्रसेल्सात कुणी तक्ता बघून म्हणेल, विदीनमध्ये कामाला तोटा नाही!"

"फिनलंडमध्येही हाच प्रश्न विचारतात."

"तिथं पगार चटणीत देतात? जा, उत्पन्नाचं मी सांगतच नाही."

उत्पन्नाचा रकाना कोरा म्हणजे घर बाद. रुमेनानं पेनाला टोपण लावलं. काकांना ते बघवेना.

"तुझं शिक्षण काय गं?"

"अर्थशास्त्रात एम.ए."

"गेल्या आठवड्यात तासभर काम?"

"केलं. पण मोबदला नाही. करार ऑगस्टातच संपला. हे एक घर राहिलं होतं, ते फुकट भरतेय. भरलं तर नवा करार."

काकांना हसू आवरेना. "म्हणजे कामावर मी, आणि बेकार तू!"

"तक्त्यात तसंच दिसेल."

"मग लिही बाई. या महिन्यात एकतीस बरण्या."

"पैशांत लागतं, काका."

"माझी लेक म्युनिकात हीच बरणी चौपट भावानं घेते. तो भाव लाव."

"तुम्ही विदीनमध्ये राहता."

"शिक्षण जर्मनीच्या वर आणि बरणी विदीनच्या भावात! बरं, लाव."

रकाना भरला. काकांनी फळीवरून एक बरणी उतरवली, स्तांकाचं नाव खोडून त्यावर 'रुमेना' लिहिलं आणि ती तिच्या पिशवीत कोंबली.

"बसून तासाच्या वर झालं. पुढच्या आठवड्यात कुणी विचारलं तर खोटं बोलू नकोस."