बरणीचा वाटा

त्या वसंतात आमच्या घरी जेवायला एक जण जास्तीचा होता, आणि त्याला तोंड नव्हतं. काचेची रुंद बरणी होती ती. माझ्या भावानं, शादलीनं, ट्युनिसच्या प्रयोगशाळेतून आणलेली. शादली म्हणजे बडं प्रस्थ! माशांत कारखान्यांचं विष किती चालेल याचा आकडा साऱ्या जगासाठी ठरवतात ना, त्या सभेत आपल्या देशाच्या पाटीमागे बसतो.

"उम्मी, तू जे खाशील, तेच आणि तेवढंच या बरणीत घालायचं," त्यानं आईला बजावलं. "आपल्या किनाऱ्यावरचं माणूस कारखान्याचं ते विष, कॅडमियम, रोज किती गिळतं, ते यावरून कळेल."

"म्हणजे हा पण आपल्यासोबत जेवणार?" उम्मीनं विचारलं.

"हो, तसंच समज," शादली हसत म्हणाला. मेल्यानं तिथंच जीभ आवरायला हवी होती.

झालं! बुटक्या गोल मेजावर उम्मीनं बरणीला आपल्या शेजारी बसवलं. 'बिस्मिल्ला' म्हणून आधी तिला वाढायची, मग स्वतः घ्यायची. "घे रे, लाजू नकोस," म्हणायची. सुरुवातीला मला हसू यायचं. एका दुपारी मी कुसकुसचं ताट घेऊन आले, तर उम्मी बरणीकडे कान लावून बसलेली. तिनं मान डोलावली.

"काय म्हणतोय गं तुझा पाहुणा?" मी थट्टा केली.

"पुरे म्हणतोय," ती म्हणाली, आणि झाकण लावलं. ती थट्टा करत नव्हती.

एक भरली की दुसरी, अशा भरलेल्या बरण्या शादली घेऊन गेला. उम्मी मात्र वाळत चालली. आधी कंबर धरली, मग बरगड्या. नुसती खोकली तरी कळवळायची. सफाक्स शहरातला डॉक्टर म्हणाला, मूत्रपिंडं गळताहेत, हाडं आतून विरताहेत, कॅडमियम असू शकतं. मी लगेच शादलीला फोन लावला.

"शक्य नाही, बेया," तो म्हणाला. "तिच्याच बरण्या मी स्वतः तपासल्यात. स्वच्छ आहेत. वय झालंय तिचं. उगाच कारखान्याच्या नावानं खडे फोडू नकोस."

एवढा मोठा माणूस म्हणतोय म्हटल्यावर डॉक्टरनंही नाद सोडला आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. आमच्याकडे रोज शिजणाऱ्या माकलीच्या, त्या मऊ, बिनकाट्याच्या समुद्री जीवाच्या, काळजात विष साठतं, हे शादलीच पूर्वी सांगायचा. पण बरण्या स्वच्छ निघाल्या ना! मग मीही गप्प बसले. कारखान्याचं पाणी समुद्रात सुटत राहिलं, आणि उम्मी माकल्या खात राहिली.

सभेच्या दिवशी मी उम्मीला उशांना टेकवून लॅपटॉपसमोर बसवलं. लेक बोलणार म्हणून तिनं ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला होता. शादलीच्या मागच्या पडद्यावर एका राखाडी माणसाची आकृती उभी होती, नाक-डोळे-तोंड नसलेली.

"हा आमच्या किनाऱ्यावरचा, रोज माकली खाणारा माणूस," शादली सांगत होता. "याच्या ताटातलं सगळं आम्ही तपासलंय. आज सुचवलेल्या मर्यादेत हा धडधाकट राहतो."

उम्मी पुढं वाकली. "हाच तो," ती कुजबुजली. "आपल्याकडे जेवायचा. बघ कसं बाळसं धरलंय! धरणारच. सगळं निवडून वाढलं त्याला."

"निवडून म्हणजे?"

"अगं, पाहुण्याच्या ताटात कुणी काळीज-आतडी वाढतं का? पांढरे-पांढरे तुकडे त्याला. काळीज मी रश्शात विरघळवून पावानं पुसून घ्यायचे. टाकायचं का अन्न?"

उम्मीचं ताट कुणी तपासलंच नव्हतं.

पडद्यावर अध्यक्षबाई विचारत होत्या, कुणाची हरकत? तिथं मतं मोजत नाहीत. गप्प बसलं की होकार. हरकत असेल त्यानं समोरची देशाची पाटी उभी करायची, बस्स. मी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"वरातीमागून घोडं आणतेस?" तो दबक्या आवाजात फिस्कारला. पण तोंडावरचं रक्त उतरलेलं मला दिसत होतं.

"पाटी उभी कर, शादली! आई मरतेय आपली!"

उम्मीनं फोन हिसकावला. "काय सांगणार रे त्या लोकांना? माझी आई घाण चाटते म्हणून? जन्मभर तुझ्या ताटात पांढरं मांस वाढलं, ते जगापुढं हे सांगायला? खबरदार पाटीला हात लावशील तर!"

"उम्मी, अगं पण तू..."

"गप्प बस. आई आहे मी तुझी."

शादलीचा हात पाटीवर गेला आणि तिथंच राहिला. बाईंनी पुन्हा विचारलं. मागच्या त्या बिनतोंडाच्या माणसानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. शपथेवर सांगते, पाहिलं. उम्मीनं त्याला ओळखीचं हसून दाखवलं.

हातोडी पडली. आकडा ठरला, साऱ्या जगासाठी. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. "माझा लेक!" म्हणत उम्मीही टाळ्या वाजवू लागली. दुसऱ्याच टाळीला तिच्या मनगटातून कट्कन आवाज आला. हात लोंबत होता, तरी ती पडद्याकडे बघून हसत होती.