सवलतीचे गुण

चेंडू घरंगळवून पिना पाडायच्या बोलिंगच्या लीगमध्ये वहिनींना दर डावाला चाळीस गुणांची सवलत होती आणि त्यांच्या दिराला शून्य. कच्च्या खेळाडूला पक्क्याशी बरोबरीनं खेळता यावं म्हणून हा नियम. पण प्लंबर दीर जिंकला की मिशीला पीळ द्यायचा आणि हरला की म्हणायचा, "वहिनी, तुमचं बरंय. तुम्ही चाळीस गुण माहेराहूनच घेऊन येता!"

वहिनी मनातल्या मनात दात-ओठ खायच्या. दिवसभर शिलाई मशीनवर वाकून आखडलेली पाठ घेऊन त्या इरेला पेटून सराव करत होत्या.

आज नवा महिना लागला आणि लीगच्या फळ्यावर त्यांच्या नावापुढे सवलतीचे पंचवीसच गुण होते. वहिनींचं डोकंच सणकलं. त्या तडक लीगचा हिशोब ठेवणाऱ्या मास्तरांकडे गेल्या.

"मास्तर, मी तुमचं काय घोडं मारलंय? माझे पंधरा गुण का कापले?"

"घोडं नाही हो, पिना पाडल्यात! मागच्या महिन्यात भरपूर पाडल्यात. खेळ सुधारला की सवलत घटते. बिघडला की वाढते."

वहिनींनी पुन्हा फळ्याकडे पाहिलं, या वेळी वरपासून खालपर्यंत. मग त्या शांतपणे बुटांच्या नाड्या बांधायला बसल्या.

एवढ्यात दीर आला. "अरेरे वहिनी, गुण कापले की! मास्तरांशी बोलू का मी?"

"बोला ना, भावजी. तुम्हाला आठ दिलेत, त्याचेही आभार मानून या."