बैलांचे बूट

औंढ्याच्या कस्तुराबाईच्या घरात देवांपेक्षा चेंडू जास्त, असं शेजारची शालूबाई म्हणायची. त्यावर कस्तुराबाई म्हणायची, "व्हय गं बये. तुझ्या घरात दोन्हीचा बी पत्ता न्हाई."

माजघरात तीन फळ्या होत्या आणि फळ्यांवर अठ्ठावीस चेंडू. प्रत्येकाखाली लुगड्याच्या धडप्याची चुंबळ, गडगडू नये म्हणून. चुंबळी कस्तुराबाईनं वळलेल्या, चेंडू तिच्या नवऱ्यानं, दत्तोबानं, जमवलेले. दत्तोबा लोणावळ्यात साहेबांच्या क्लबाच्या मैदानावर कामाला होता. बावीस वर्षं त्यानं बैल जुंपून तिथं दगडी रूळ फिरवला. साहेब लोक चेंडू करवंदीच्या जाळीत घालवायचे, घटकाभर शिव्या द्यायचे आणि नवा काढायचे. हरवलेला चेंडू पाऊस सरल्यावर दत्तोबाला सापडायचा. तो नेऊन दाखवायचा, साहेब नाक मुरडून म्हणायचा, "ले जाव." म्हणजे चोरीचा एकही नव्हता. मोडकी बॅटही तशीच आली, मान कलंडलेली टेनिसची रॅकेट आली, आणि आंबे काढायच्या आकडीसारखी वाकडी हॉकीची काठी आली. दत्तोबाला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण कुठला चेंडू कुणी मारला आणि त्यानं कुणाचं काय फोडलं, हे झोपेतून उठवलं तरी सांगायचा. ऐकून ऐकून कस्तुराबाईलाही सगळं पाठ झालं.

पण सगळ्यांत मान होता तो चार चामडी बुटांना. ते माणसाचे नव्हेत, बैलांचे. बैलाच्या खुरांनी साहेबांची खेळपट्टी उकरली जायची, म्हणून त्याच्या पायात सपाट तळव्याचे बूट बांधून मगच रूळ ओढायचा, अशी तिथली रीत. लोणावळ्यात खोगीर-लगामाचं काम करणाऱ्या गफूरनं ते शिवले होते. आठ होते, चार झिजून गेले, चार उरले. खंडेनवमीला लोक कोयते-विळे पुजतात, नांगराचा फाळ पुजतात. ह्या घरात पाटावर मधोमध बूट, भोवती चेंडू, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. दत्तोबा जाऊन आठ वर्षं झाली तरी त्यात खंड नव्हता.

एकुलता मुलगा बजरंग देहूरोडच्या डेपोत कारकून झाला आणि लोणावळ्यात खोली करून राहू लागला. लढाईचं पाचवं वर्ष होतं. डेपोच्या मागं अमेरिकन गोरे सोट्यानं कसलासा खेळ खेळायचे. त्यांचा एक पांढरा चेंडू बजरंगनं आईला आणून दिला. त्याच्यावर लाल दोऱ्याची शिवण होती, गोम चालल्यासारखी. कस्तुराबाईनं नवी चुंबळ वळली आणि तो वरच्या फळीवर बसवला. एकोणतिसावा. बापाच्या पंगतीत पोराचा चेंडू म्हणून तिनं तो अख्ख्या आळीला दाखवला.

भादव्यात बजरंग गाडी घेऊनच आला.

"आये, क्लबात जुन्या खेळाच्या सामानाचं प्रदर्शन हाय. जखमी शिपायांच्या मदतीसाठी. आपलं सगळं मांडायचंय."

"मांड की. पन खाली त्यांचं नाव लागलं पायजे. आन मराठीत. मला वाचता आलं पायजे."

कस्तुराबाई लहानपणी दीड वर्ष शाळेत गेली होती. बोट ठेवून ठेवून वाचायची, पण वाचायची.

"लावतो की."

"असं न्हाई. बुटावर हात ठेव."

बजरंगनं बुटांवर हात ठेवून शपथ घेतली. तिनं आपल्या हातानं टोपली भरली. आधी बूट, मग बाकीचं.

प्रदर्शनाच्या दिवशी गफूर तिला न्यायला टांगा घेऊन आला. "चला वहिनी. दत्तोबाचं नाव त्याच क्लबात लागतंय. आन तो हयातीत कवा तितली पायरी चढला न्हाई."

"चढला न्हाई ते बरं झालं," ठेवणीतल्या लुगड्याचा पदर सारखा करत कस्तुराबाई म्हणाली. "आज मी चढते की."

हॉलमध्ये लांब टेबलावर हिरवं कापड होतं आणि चेंडू चिनी मातीच्या वाट्यांत बसवले होते, साहेब लोक उकडलेलं अंडं ठेवतात तसल्या. चुंबळ एकही नव्हती.

"कोंबडीनं घातल्यात काय?" कस्तुराबाई पुटपुटली आणि गफूर मिशीत हसला.

मग तिनं बूट शोधले. टेबलाचं हे टोक पाहिलं, ते टोक पाहिलं. वाकून कापड उचलून खालीही पाहिलं. मधोमध पांढरा चेंडू होता, बजरंगचा. त्याच्या पुढ्यात पुठ्ठ्याची पाटी होती. तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

कैलासवासी दत्ताजीराव मालपोटे. लोणावळ्याच्या देशी संघाचे कप्तान. यांचा संग्रह.

बोट परत मागं गेलं आणि तिनं पुन्हा वाचलं. वाचण्यात चूक झाली नव्हती. चूक झाली असती तर तिला बरं वाटलं असतं.

कोट घातलेला बजरंग लगबगीनं आला. "आये, तू कशाला आलीस? मी सांगावा धाडनार होतो."

"बूट कुटं हायती?"

"हळू बोल. मोठी मानसं हायती हितं. बैलाचं पायतान काय मांडायचं क्लबात?"

"बरं. आन हा दत्ताजीराव कोन?"

"आये, आता देशी मानसाला मेंबर करून घेत्यात. दिवाळीत माजं नाव हाय. रूळवाल्याच्या पोराला कोन घेनार? जुनं कुनी ऱ्हायलं न्हाई हितं. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय की."

तेवढ्यात क्लबाचे सेक्रेटरी जवळ आले. पुण्याहून दोन वर्षांखालीच आलेला माणूस. हसत म्हणाले, "मालपोटे, ह्या कोण?"

बजरंगनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा पाटीकडं.

"आमच्या गावाकडच्या आहेत," तो म्हणाला.

कस्तुराबाईनं नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं ते तेवढंच, तेही बायांनी दार अडवलं म्हणून. तो गेल्यावरसुद्धा ती 'धनी'च म्हणायची. भरल्या हॉलात तिनं पदर खोचला.

"साहेब, ह्यांचं नाव दत्तोबा. दत्तोबा मालपोटे. कप्तान न्हवं, रूळवाला. बावीस वर्सं तुमच्या मैदानावर रूळ वडला. हा चेंडू बगा, ह्यानं ह्याच छपराची दोन कौलं फोडली, आन ती बसवायला ह्येच वर चडले. हा काळा पडलेला हिरीत गावला. ही बॅट दोऱ्यानं बांधली ती मी, मेन लावून."

सेक्रेटरी गोंधळले. चेंडूकडं पाहिलं, वर छपराकडं पाहिलं. "मालपोटे, ह्या म्हणतात ते खरं का?"

"वय झालंय त्यांचं," बजरंग म्हणाला. "काहीतरी धरून बसतात."

कस्तुराबाईनं खोचलेला पदर सोडला.

बूट टेबलावर नाहीत हे पाहून गफूर मघाच बाहेर गेला होता, तो आता दारात उभा राहिला. तबेल्यामागच्या उकिरड्यावरून त्यानं बूट वेचून आणले होते. बगलेत दोन, हातात दोन. तिथूनच तो बोलला, "साहेब, हे मी शिवल्यात. कुनासाठी शिवलं ते मी सांगतो—"

"गफूरभाऊ," कस्तुराबाई म्हणाली. "गप ऱ्हावा."

"अवो पन वहिनी!"

"पोटच्या पोराच्या विरुद्द साक्षीदार उभा करू? येवढी पडती वेळ आली न्हाई माज्यावर." मग ती सेक्रेटरींकडं वळली. "चेंडू ऱ्हाऊ द्या, साहेब. दत्ताजीरावाचे हायती न्हवं का. त्यांना मी वळखत न्हाई. बूट तेवढे माज्या धन्याचे."

टांग्यात तिनं बूट मांडीवर घेतले आणि त्यांना लागलेलं शेण पदरानं पुसत बसली.

खंडेनवमीला पाटावर चार बूट आणि फळ्यांवर मागं राहिलेल्या रिकाम्या चुंबळी होत्या. "का गं, चेंडू कुटं गेलं?" शालूबाईनं विचारलं.

"मेंबर झाल्यात," कस्तुराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, बजरंग आपट्याची पानं घेऊन आला. दारात थबकला. तिनं पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढं ठेवला, परक्या पाहुण्याला ठेवतात तसा.

"कोन आलंय गं?" शालूबाईनं पलीकडून हाक मारून विचारलं.

"लोनावळ्याकडचे हायती," कस्तुराबाईनं ओरडून सांगितलं.

बजरंगची मान खाली गेली. "आये, सोनं घे. पाटी मी बदलीन म्हनतो. दिवाळी झाली की."

"माज्या हातात देऊ नगंस. आदी तितं वाहा." तिनं पाटावरच्या बुटांकडं बोट केलं.

तो पाटापुढं गेला. पानं ओंजळीत धरली. आणि वाकायच्या आधी त्यानं मान वळवून उघड्या दाराकडं पाहिलं. बाहेर कुणी बघत नव्हतं. मग तो वाकला.

त्याचं ते मान वळवणं कस्तुराबाईनं पाहिलं. ती उठली, तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीत ओतलं आणि दार आणखी सताड उघडलं.