पुरा गडी

गव्हाची कापणी निम्म्यावर आली आणि आमच्या सावडीत भांडण पेटलं. सावड म्हणजे साधा व्यवहार, आज सगळे माझ्या रानात, उद्या सगळे तुझ्या. ज्याच्या घरचा गडी आला नाही त्याच्या रानात कुणी पाऊल टाकत नाही. भांडण होतं पलटणीतून नुकत्याच सुटून आलेल्या फौजीवरून.

सुतारकाकांचं म्हणणं, फौजीचा दिवस यापुढं अर्धा धरायचा. सावडीत काकांचा शब्द चालायचा आणि त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. फौजी चार मुठी कापतो की निघाला घागरीकडं, पाणी प्यायला की निघाला बांधाआड. बांधाला पाणी पाजायला ठेवलाय का त्याला, असं काका म्हणाले आणि सगळे हसले. तसं बघितलं तर ते खोटं बोलत नव्हते. फौजी हाकेला ओ द्यायचा नाही. धाप लागली की विळ्याची धार बघायचं सोंग करून उभा राहायचा. पलटणीत राहून माज आलाय, आयत्याची चटक लागलीय, हे आम्ही गावानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

हे सगळं चाललं तेव्हा फौजी तिथंच बसला होता. उसळली ती त्याची बायको. तिचं रान शेवटी लागणार होतं आणि ओंब्या आत्ताच झडायला आल्या होत्या.

"अर्धा गडी? पुरा माणूस धाडला होता मी पलटणीत, पुराच परत आलाय," ती म्हणाली. "उद्या तो सगळ्यांच्या बरोबरीनं पात लावील. नाही लावली तर आमचा गहू उभा झडू द्या."

मग तिनं फौजीच्या उजव्या कानाशी जाऊन त्याला ते सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी कापणी माझ्याच रानात होती. फौजीनं बांधाकडच्या ओळींची पात धरली आणि विळा चालवायला लागला तो थांबेचना. घागर नाही, बांध नाही. बूट पायांना घट्ट व्हायला लागले म्हणून तो अनवाणीच उकिडवा बसून पुढं सरकत होता, आणि मागून त्याची बायको, आमची वहिनी, पेंढ्या बांधत होती. उन्हं डोक्यावर आली तोवर तो सगळ्यांच्या पुढं गेला होता. वहिनीच्या तोंडावरचा आनंद मला लांबून दिसत होता.

तेवढ्यात ती थांबली. हातातली पेंढी लाल झाली होती. तिनं आधी स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. त्यांना काही झालं नव्हतं. मग तिनं फौजीच्या पातीकडं पाहिलं. खुंटांवर, मातीत, तो सरकला तिथंपर्यंत लाल रेघ गेली होती. तिनं जिवाच्या आकांतानं हाक मारली, पण त्याला ऐकूच गेली नाही. मी धावत जाऊन त्याचा खांदा धरला. डाव्या पायाच्या दोन बोटांवर विळा केव्हाच बसून गेला होता आणि ती नुसती कातड्याला लोंबत होती.

फौजीनं पायाकडं परक्याच्या पायाकडं बघावं तसं पाहिलं. "कधी लागलं?" त्यानं मलाच विचारलं.

दवाखान्यात मी बरोबर होतो. डॉक्टर एकेक तपासत गेला आणि एकेक निघत गेलं. रक्तात साखर इतकी की तळव्यांतली जाणीवच मेलेली, तहानही त्यातलीच. तोफांच्या आवाजानं डाव्या कानाचा पडदा फाटलेला, उजवाही अधू. फुप्फुसं धुरानं निकामी होत आलेली. डॉक्टर चिडून म्हणाला, पलटणीतून सोडताना कुणी तपासलं नाही का?

"तपासलं की," फौजी म्हणाला. "काही दुखतंय का विचारलं. हो म्हणणाऱ्याला तिथंच ठेवून घेत होते. घरी गहू कापणीला आला होता, म्हणून म्हटलं, काही नाही."

मला त्याचा राग आला, आणि उभ्या उभ्या विचारून मोकळं होणाऱ्यांचा त्याहून जास्त. बायकोला तरी सांगायचं होतंस, असं मी त्याच्या कानात ओरडलो. तर म्हणाला, तिथं दुखणं सांगणाऱ्याला कामचोर म्हणायचे. इथं काय म्हणतात ते मला माहीत होतं. जखम चिघळत गेली आणि पाय घोट्यापासून काढावा लागला.

त्याला गाडीतून घरी आणलं तेव्हा अख्खी सावड त्याच्याच रानात होती. गहू कापून झाला होता. सुतारकाका लगबगीनं गाडीपाशी आले, त्याचा हात हातात धरला आणि उजव्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, "फौजी, आता निवांत बसायचं. तुझं रान आम्ही दरसाल काढून देऊ. तुझ्याकडून कुणाला काही परत नको. तुला सावडीतून मोकळा केला."

काका मनापासूनच बोलत होते. आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. पण पाय गेल्यावरही हूं की चूं न केलेला फौजी गाडीतच तोंड झाकून रडायला लागला. वहिनी पुढं झाली आणि तिनं काकांपुढं हात जोडले.

"असं नका करू, काका," ती म्हणाली. "बसल्या जागी पेंढ्या बांधील तो. अर्धा तरी धरा."