विकणाऱ्यांचा माणूस

भर दुपारी दाराच्या कुलपात बाहेरून किल्ली फिरली, तेव्हा धाकटी स्टुलावर उभी राहून पडद्याचा दांडा बसवत होती. नव्या घरात राहायला येऊन अजून महिनाही झाला नव्हता. आई आतल्या खोलीत झोपली होती. किल्ल्या दोनच होत्या आणि त्या दोन्ही घरातच होत्या.

दार उघडून एक उंच, रापलेला माणूस आत आला. हातात भलीमोठी बॅग. सवयीने त्याने बूट दाराच्या डाव्या बाजूला काढले, दिव्याचं बटण न बघताच दाबलं आणि मग त्याला ती दिसली.

"तुम्ही कोण?"

"हे घर माझं आहे," ती म्हणाली.

तो ओरडला नाही. बॅग खाली ठेवून भिंतीकडे बघत राहिला. "इथं पिवळा रंग होता," एवढंच म्हणाला.

मालवाहू बोटीवर तो इंजिनियर होता. घर त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या अशा दोघांच्या नावावर. बोटीवर जाताना त्याने बायकोला आपल्या वतीने सह्या करायचं मुखत्यारपत्र दिलं होतं. पुढे दोघांचं बिनसलं, तेव्हा त्याने ते रीतसर रद्द केलं. तरी तिने त्याच कागदावर घर विकलं आणि माहेरच्या गावी निघून गेली.

"एजंटला तर मी स्वतः फोन केला होता," तो म्हणाला. "मुखत्यारपत्र रद्द केलंय, व्यवहार करू नका, असं स्पष्ट सांगितलं होतं."

"कुठल्या एजंटला?"

त्याने नाव सांगितलं. ते धाकटीच्या भावजींचं होतं, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं.

धाकटी स्टुलावरून उतरली. तिने त्याला बसायला सांगितलं आणि चहा टाकला. दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. वडील गेल्यावर जुन्या घराचे जिने आईच्या गुडघ्यांना झेपेनात, म्हणून तळमजल्यावरचं घर शोधायचं ठरलं. भावजींचा धंदाच तो. कागद एकदा वकिलाला दाखवावेत का, असं तिने विचारलं होतं. भावजी खो खो हसले होते. "मेव्हणीबाई, घरात डॉक्टर असताना कुणी शेजाऱ्याकडे औषध मागायला जातं का? मी बसलोय ना!" आणि थोरली म्हणाली होती, "यांच्यावर विश्वास नाही का गं तुझा?" त्यानंतर पुन्हा विचारणं म्हणजे अपमानच झाला असता. वर भावजींनी फी घेतली नाही. "आईंची सोय होतेय, यातच सगळं आलं," म्हणाले. धाकटीला भरून आलं होतं.

संध्याकाळी ती भावजींच्या ऑफिसात गेली.

"त्यांनी तुम्हाला फोन केला होता?"

"लोक रोज फोन करतात गं."

"तुम्हाला माहीत होतं की नाही, एवढंच सांगा."

"नवरा-बायकोचं भांडण आहे ते. आज भांडतील, उद्या गळ्यात गळे घालतील. तू कशाला जिवाला लावून घेतेस? मी बघतो." आणि त्यांनी दुसरा फोन उचलला.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला चावायचं?"

वकीलबाईंनी सगळे कागद नीट वाचले. "तुमच्या हाती आलंय ते फार तर अर्धं घर," त्या म्हणाल्या. "बायकोच्या वाट्याचं."

"कुठलं अर्धं?"

वकीलबाई हसल्या. मग तिचा चेहरा बघून गप्प झाल्या.

धाकटी रोज कामावर जात राहिली. "श्वास रोखा, हलू नका," हे दिवसभर म्हणत राहिली. सहकारी म्हणायच्या, काय खंबीर आहेस गं तू! खंबीर वगैरे काही नव्हतं. दात काढायला सुई टोचल्यावर गाल जसा परका होतो, तशी ती सगळीच झाली होती.

एजंटांना परवाने देणाऱ्या कार्यालयात तिने तक्रार केली. सुनावणीला थोरलीही आली. नवऱ्याच्या मागच्या बाकावर, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. धाकटीकडे तिने पाहिलं नाही.

"या बाई माझ्या गिऱ्हाईक नव्हत्याच," भावजी अधिकाऱ्यांना म्हणाले. "मी विकणाऱ्यांचा माणूस. त्यांचं घर विकून देणं हे माझं काम."

"मग यांना घर दाखवायला कोण घेऊन गेलं?"

"मीच. पण नात्यातली म्हणून. फी घेतली का, विचारा त्यांना."

अधिकाऱ्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"नाही घेतली," ती म्हणाली. इतके दिवस जे उपकार म्हणून जपलं होतं, ते तिच्याच विरुद्ध उभं राहिलं होतं.

"माणूस कुणाचाही असा," बोटीवरच्या माणसाचा जबाब पुढे ठेवत अधिकारी भावजींना म्हणाले, "पण मुखत्यारपत्र रद्द झालंय हे ठाऊक असून समोरच्यापासून लपवता येत नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवून आता कानांवर हात ठेवताय." परवाना दोन वर्षांसाठी गेला. भावजींनी मान खाली घातली, पण चेहरा रागाचाच होता.

पुढे वकीलबाईंनी व्यवहार मोडून घेतला. विकणाऱ्या बाईने आढेवेढे घेत बहुतेक पैसे परत केले. उरलेले भावजींनी द्यायचे होते. ते आले, पण धनादेशावर सही थोरलीची होती. तिने स्वतःची गाडी विकली होती, हे वकीलबाईंकडूनच कळलं.

घर सोडायच्या दिवशी बोटीवरचा माणूस मदतीला आला. आईचं लोखंडी कपाट हमालांना दारातून निघेना. त्याने ते आडवं कसं करायचं ते दाखवलं, स्वतः एक टोक धरलं. घाम पुसत म्हणाला, "माझा तुमच्यावर काही राग नाही."

"माझाही नाही," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

नवं भाड्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं, पण लिफ्ट होती. एक दिवस धाकटी कामावरून आली तर आई खिडकीशी बसली होती.

"ताई येऊन गेली," आई म्हणाली. "तू घरी नसतेस ती वेळ बघूनच आली. रडली. तुझ्याबद्दल विचारलं."

"काय सांगितलंस?"

"बरी आहे म्हटलं." आई थोडी थांबली. "तुला राग नाही का गं येत तिचा?"

धाकटीने खरंच आत डोकावून पाहिलं. तिथे काही हललं नाही.

"येईल," ती म्हणाली.

मग ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर दोन कप पडले होते, एकात तळाशी चहा तसाच राहिला होता. तिने नळ सोडला आणि दोन्ही कप धुवून पालथे घातले.