घोडीचे गुडघे आणि माझे

माझ्या नवऱ्याने, ओनुफ्रीने, घोडीच्या गुडघ्यांना कोबीची पानं बांधायला घेतली, तेव्हाच मी ओळखलं की या वर्षी आंबवायला कोबी उरत नाही. बाहेरची मोठी पानं तो निवडून काढायचा, ठेचायचा, शेकायचा आणि रुझाच्या पुढच्या पायांशी असा फतकल मारून बसायचा, जणू तिला बूट घालून दाखवतोय. आतले गाभे तेवढे माझ्यासाठी ठेवायचा, मोठ्या मनाने.

रुझा म्हणजे आमची घोडी. आमच्या डोंगरातली घोडी ठेंगणीच, तट्टंच म्हणा ना. तिने उन्हाळी कुरणावरून मेंढीच्या चीजची लाकडी पिंपं जन्मभर खाली आणली. आम्हा हुत्सुल डोंगरी लोकांत नवरी चर्चला घोड्यावरून जाते, आणि गावातल्या निम्म्या नवऱ्या रुझाच्याच पाठीवरून गेल्या, माझी धाकटी लेकसुद्धा. आता संधिवाताने तिचे गुडघे सुजून आले होते आणि दर महिन्याला चाल आणखी बिघडत होती. माझाही तिच्यावर जीव होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, बाई घोडीवर जळते. जळत होते, तेही खरंच आहे.

कारण माझे गुडघेही त्याच सुमारास गेले. मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, वय झालं बाई, दुसरं काय. वय तर घोडीचंही झालं होतं. पण तिच्यासाठी शिकाऱ्याला चांगला मेंढा देऊन अस्वलाची चरबी आली. दारूत भिजवलेली डोंगरातली पिवळी फुलं आली. ज्याने लग्नातसुद्धा घोटभर प्यायली नाही, त्याच्या घरात घोडीचे पाय रोज दारूने न्हायला लागले. माझ्या रुखवतातलं लोकरी पांघरूण तिच्या पाठीवर चढलं. शेजारची परास्का म्हणाली, तुझा नवरा देवमाणूस गं, मुक्या जिवाला किती जपतो. मी म्हटलं, हो ना, मीही आता खिंकाळून बघते.

त्याची आणखी एक विद्या होती, ती तो येईल त्याला दाखवायचा. अंगठ्याने पाय दाबत जायचं आणि घोडीच्या कानांकडे बघायचं. दुखऱ्या जागेवर अंगठा गेला की घोडी कान मागे पाडते. "तिला बोलता येत नाही म्हणून काय झालं? बघणाऱ्याला सगळं दिसतं," असं म्हणून तो मिशीवर हात फिरवायचा. मी तिथेच कंबरेवर हात ठेवून, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभी असायची. बघणाऱ्याला मी काही दिसायची नाही.

अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. तिला त्रास नको म्हणून त्याने तिला तबेल्यातून हलूच दिलं नाही, आणि उभी राहून राहून ती लाकडासारखी आखडली. वसंतात खोऱ्यातून जनावरांची डॉक्टर आली, स्लाव्का. तिने घोडी बघितली, भुशातून द्यायची पूड दिली आणि म्हणाली, "आजोबा, हिला रोज थोडं चालवा. बसवून ठेवलीत तर बसूनच जाईल." आजोबांचं नाक लगेच वर गेलं. कालची पोर घोडी शिकवणार! शिवाय रुझाला लंगडताना बघणं या हळव्या माणसाला सोसेना. मग चालवणार कोण? हाफिया, म्हणजे मी. तिला काय, तिचं वयच झालंय.

तर रोज सकाळी आम्ही दोघी झऱ्यापर्यंत जायचो. निघताना ती अडखळायची, मीही अडखळायची. पायवाटेच्या वळणाशी तिची मान सैल व्हायची, झऱ्यापाशी पाय सैल व्हायचे, आणि पाणी पिऊन ती माझ्या पाठीला नाकाने ढुशी द्यायची. लोक हसायचे, कोण कुणाला फिरवतंय म्हणून विचारायचे. हसू देत. तो उन्हाळा मला फार आवडला.

पानं झडायला लागली तसं मात्र बिघडत गेलं. झरा आला तरी तिचे पाय सुटेनात. ढुशी देणंही थांबलं. एका सकाळी ती उठलीच नाही, परास्काच्या मुलांनी दोर लावून उभी केली. स्लाव्काने निरोप धाडला की बर्फाने रस्ता बंद व्हायच्या आत ती एकदा येईल. मग हिवाळ्याची औषधं द्यायची की शेवटचं इंजेक्शन, ते आजोबांनी ठरवावं, घोडी त्यांच्याइतकी कुणाला कळते?

झालं. बघणाऱ्याची बोबडी वळली. कुंपणाशी येईल त्याला सांगत सुटला, आज गवत खाल्लं हं, काल शेपटी हलवली. आणि स्लाव्का यायच्या आदल्या दिवशी मी मक्याचं पीठ सायीत हाटत होते, तेव्हा टोपी हातात घेऊन चुलीपाशी येऊन उभा राहिला.

"हाफिया, तुझे गुडघे दुखतात ना गं?"

वर्षभर मी या प्रश्नाची वाट बघत होते.

"दुखतात."

"किती?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. हा मला विचारतच नव्हता. घोडीला विचारत होता, फक्त माझ्या तोंडून. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणून जळणाऱ्याच्या दारी आला होता. ते गरम पातेलं त्याच्या डोक्यावर उपडं करावं असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण उत्तरावर रुझाचा हिवाळा टांगलेला होता. फार नाही दुखत, एवढं म्हटलं असतं तर त्याने तिला दोरांनी उभी करत करत वसंतापर्यंत ओढली असती. आणि मलाही तसंच म्हणायचं होतं. माझ्याबरोबर झऱ्यावर दुसरं कोण येणार होतं?

"सकाळी वाटतं, उठूच नये," मी म्हटलं. "मग चूल पेटवते, झऱ्यावर जाते, तिथवर सैल होतात. म्हणून दुसऱ्या दिवशी परत उठते."

"आणि तिचे?"

"तिचे झऱ्यावरही सैल होत नाहीत आता. उठून तिला काही मिळत नाही, ओनुफ्री."

तो टोपी पिळत राहिला. "इतकं दुखतं असं बोलली नाहीस कधी."

"तू विचारलं नाहीस कधी."

स्लाव्का आली. त्याने रुझाचं डोकं छातीशी धरलं, मी तिला सफरचंद भरवलं, आणि ते चावता चावताच ती खाली कोसळली. परास्काच्या मुलांनी बागेच्या वरच्या अंगाला खड्डा खणला. मी रडले, चांगली मोठ्याने रडले. तो रडला नाही, पण माझं रुखवताचं पांघरूण त्याने तिच्याबरोबरच पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकावर बसून पाय चोळत होते, तर हा चरबीचा डबा घेऊन आला. "उरलीय थोडी," म्हणाला.

उरलीय! इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला आलं ते घोडीच्या डब्यात उरलेलं, असं मी त्याला स्पष्ट सुनावलं. तो माझ्यापुढे जमिनीवर बसला, डबा उघडला आणि विचारलं, "कोणता गुडघा जास्त?"

रुझाचा कोणता ते या माणसाने झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

"शोध," मी म्हटलं. "तिचा शोधलास ना? तिला तर बोलताही येत नव्हतं."

त्याने तळवे घासून गरम केले आणि अंगठ्याने माझा गुडघा दाबायला सुरुवात केली, आधी हळू, मग थोडा जोराने. दाबता दाबता वर बघत होता. माझ्या डोळ्यांकडे नाही. डोक्याच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, काहीतरी शोधल्यासारखा. मला क्षणभर कळेना. मग कळलं. मूर्ख माणूस, कान बघत होता.

कानांवरून माझा रुमाल घट्ट बांधलेला होता. मी तो मागे सारला.