पहिल्या पानावरची गौरा

“देवानंदभाऊ, गौरा हाय ना अजून पानावर?”

जव्हारच्या एसटी डेपोजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान. दाभोशाचे जिवाबाबा बाजाराला आले की आधी हा प्रश्न, मग पाणी. त्यांच्या गावच्या मंडळाची वेबसाइट मीच बांधली. कोणाच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीच्या चित्राचा चौक लिहिला, की चौकाचा आणि तो लिहिणाऱ्या बायांचा फोटो तिथं लागतो. पहिल्या पानावर ताज्या पाचच पोस्टी दिसाव्यात, असं मी कोडमध्ये लिहिलेलं. सहावी आली की सर्वांत जुनी मागच्या पानावर जाते.

ती सर्वांत जुनी म्हणजे गौराबाई, बाबांची बायको. फोटो मीच काढलेला. “हाताला पीठ हाय, नंतर काढ,” म्हणत बायांत बसून हसत होती. पुढच्या पावसाळ्यात गेली.

बाबांना वाचता येत नाही. मुलानं दिलेल्या मोबाइलवर मी पानाचं चिन्ह ठेवून दिलं होतं. ते दाबायचं, अंगठ्यानं तळापर्यंत सरकवायचं, की गौरा.

म्हणून नवी पोस्ट आली की मी गुपचूप पाचाचे सहा केले, मग सात, मग आठ. परवा मंडळाचा विनोद वैतागला. “अरे, पान उघडेस्तोवर चहा थंड होतोय. डोंगरात रेंज कुठं हाय? पाचच ठेव.” चूक नव्हतीच त्याची.

आज गौराबाई मागे जाणार हे बाबांना सांगणं भाग होतं. सांगितलं.

“तिचा फोटो वेगळा टाकून देतो ना मोबाइलात,” मी म्हणालो.

“फोटो घरीपण हाय. इथं ती चार बायांत बसली होती. लोक बघत तिला.” मग म्हणाले, “नवा चौक कोनाचा?”

“प्रतीक्षाचा.”

प्रतीक्षाला गौराबाईनंच शिकवलेलं. बाबांनी स्क्रीनजवळ तोंड नेलं. चौकातल्या पालघाट देवीवर त्यांचं बोट थांबलं.

“हात गौराचाच हाय,” ते म्हणाले. “लग्न झालं का भिंत सारवायलाच लागते, भाऊ. नायतर पुढचा चौक लिहायचा कुठं? गौरा सोताच सारवायची. तू पाच कर.”

मी पाच केले. त्यांनी मोबाइल काढला, अंगठ्यानं तळापर्यंत गेले. तिथं दुसऱ्याच कोणाचं लग्न होतं. आणखी एकदा सरकवून पाहिलं. पान हलेना.

मग त्यांनी टॉवेलच्या टोकानं काच पुसली, भिंत सारवतात तशी, वरून खाली, सावकाश. मोबाइल खिशात ठेवला आणि दाभोशाच्या जीपकडे निघाले.